शिवेचा नववा दगड

सिरिल ॲम्फ्लेट मूळचा हार्कमचा. त्याच्याविषयी कोणी काहीही विचारलं की मी सुरुवात इथूनच करतो, आणि माझी बहीण ऑलिव्ह म्हणते की माझा खवचटपणा तिथेच उघडा पडतो. पडू दे. आमचं गाव विन्स्टो, आणि हार्कम ओढ्यापलीकडे, दोन मैलांवर. त्यांच्या चर्चचा मनोरा आमच्या चर्चच्या आवारातून दिसतो. वारा तिकडून असला तर त्यांच्या घंटाही ऐकू येतात, आणि त्यातली एक फुटकी आहे हेही कळतं. तरी ओढ्यापलीकडचं ते पलीकडचं. मी रूबेन टॅपर. माझ्या सात पिढ्यांची माणसं या आवारात झोपली आहेत, त्यांच्यावरचं गवत मी कापतो आणि नवीन येणाऱ्यांसाठी खड्डे खणतो. तेव्हा कोण इथला आणि कोण बाहेरचा, हे मला कोणी शिकवू नये.

सिरिल आणि मी एकाच वर्षी जन्मलो, एकोणीसशे चौदा साली. बावीस वर्षांचा असताना तो पोस्टमन होऊन आमच्या गावात आला. लाल सायकल, तिरकी टोपी, आणि दारोदार थांबून गप्पा मारायची खोड. पहिल्या महिन्यातच त्याला गावातल्या सगळ्या कुत्र्यांची नावं पाठ झाली. बायका त्याच्यासाठी केकचा तुकडा झाकून ठेवायच्या. आता तुम्हीच सांगा, एक माणूस दारात पत्र घेऊन येतो आणि दुसरा खांद्यावर फावडं टाकून समोरून जातो. केक कोणाला मिळणार?

मला त्याचा हेवा वाटायचा. उगाच आडपडदा कशाला ठेवू? तो घंटा वाजवायला शिकला आणि दोन वर्षांत सगळ्यात मोठ्या घंटेची दोरी त्याच्या हातात गेली. ती दोरी पूर्वी माझ्या बापाच्या हातात असायची. मला मात्र तिसऱ्या घंटेपुढे कोणी सरकू दिलं नाही. ऑगस्टच्या भाजीपाल्याच्या प्रदर्शनात त्याचे कांदे पहिले, माझे दुसरे. पुढच्या वर्षी मी माझ्या कांद्यांना बिअर पाजली. त्याचे पहिले, माझे तिसरे.

आणि हेस्टर. हेस्टर लव्हेल वरच्या शेतावर लोणी काढायच्या कामाला होती. दोन उन्हाळे दर रविवारी मी तिच्याबरोबर तळ्यापासून टेकडीपर्यंत फिरायला जात होतो. विचारायचं तेवढं राहिलं होतं. घाई काय आहे, असं मला वाटायचं; टेकडी काही पळून जात नव्हती. सिरिलनं सहा आठवड्यांत विचारून टाकलं.

आमच्याकडे लग्नाआधी तीन रविवार चर्चमध्ये नावं वाचतात. एकोणीसशे अडतीसच्या मार्चमध्ये पाद्रीसाहेबांनी वाचलं, "हार्कम गावचा सिरिल ॲम्फ्लेट, अविवाहित, आणि या गावची हेस्टर लव्हेल, अविवाहित. कोणाची हरकत असल्यास आत्ताच सांगावं." हरकत माझ्या घशापर्यंत आली होती, पण ती सांगण्यासारखी नव्हती. मी बाकावर बसून फक्त 'हार्कम गावचा' एवढे दोन शब्द चघळत राहिलो. तेवढाच काय तो दिलासा.

त्याच आठवड्यात पबमध्ये मी त्याला पहिल्यांदा 'पाहुणा' म्हटलं. "सरका रे जरा," मी म्हणालो, "पाहुण्याला बसायला जागा द्या." सगळे हसले. सिरिलही हसला. नाव चिकटलं ते चिकटलंच. पन्नास वर्षांचा झाला तरी पोरंसोरंसुद्धा त्याला पाठीमागे पाहुणाच म्हणायची.

"अरे, मी गिरणीच्या घरात जन्मलोय," तो म्हणायचा. "ओढा ओलांडला की पहिलंच घर. तिथून मी शिंकलो तर तुमच्या तळ्यातली बदकं उडतील."

"पण ओढा ओलांडायचा ना?" मी विचारायचो.

"ओलांडायचा."

"मग झालं तर. पाहुण्यांना आणखी एक बिअर द्या."

तो एक वर्षाचा असताना गिरणी बंद पडली आणि त्याचा बाप बिऱ्हाड घेऊन वर हार्कमला गेला. गिरणीचं घर मग ओस पडलं. त्याच्याकडे बाकी सगळं होतं: बायको इथली, घर इथलं, घंटेची दोरी इथली. पण ही एक गोष्ट त्याला खुपायची. थट्टा संपल्यावर तो आपल्या ग्लासाकडे जरा जास्तच वेळ बघायचा, आणि मी त्याच्याकडे बघायचो. मला बरं वाटायचं.

आता माझ्या पोटातली गोष्ट सांगतो. आमच्या गावाला शीव फिरायची चाल आहे. मे महिन्यातल्या एका रविवारी पाद्रीसाहेब, म्हातारी माणसं आणि पोरं मिळून गावाच्या हद्दीवरून चालत जायची. सगळ्यात पुढे सोललेल्या वाळुंजाची पांढरी काठी घेऊन एक जण, आणि तो शिवेच्या आत जन्मलेलाच पाहिजे. शिवेवर अकरा दगड. प्रत्येक दगडापाशी दोन-तीन पोरांना हातापायांना धरून उचलायचं आणि तीनदा ढुंगणावर आपटायचं. कागद उंदीर खातात. ढुंगणाला लागलेलं पोराच्या जन्मभर लक्षात राहतं. शिवेचा तंटा झाला की कचेरीतही आपटलेल्याचीच साक्ष धरायचे, असं माझा बाप सांगायचा. पूर्वी हे दर सात वर्षांनी व्हायचं. शेवटचं झालं एकोणीसशे एकवीस साली. मी सात वर्षांचा होतो, आणि नवव्या दगडावर मला आपटलं.

तो नववा दगड ओढ्यावर नाही. आमची जुनी शीव तिथे ओढा ओलांडते, गिरणीच्या घराला मागून वळसा घालते आणि परत येते, कारण गिरणी एके काळी आमच्या गावाची होती. सरकारी नकाशावाल्यांनी पुढे सोयीसाठी ओढ्यावरूनच रेघ मारली, आणि लोकही ओढ्यालाच शीव समजायला लागले. दगड होता पडक्या घरामागच्या डुकरांच्या खुराड्याला लागून. मला आपटून सोडलं तोच मी तोल जाऊन बाजूच्या खाजकुइलीत पडलो. त्यामुळे माझ्या दुहेरी लक्षात राहिलं.

म्हणजे सिरिल आमच्या शिवेच्या आत जन्मला होता. माझ्याइतकाच इथला. त्याच दगडावर आपटलेली आणखी दोन पोरं लढाईवरून परत आली नाहीत. म्हातारी माणसं एकेक करून माझ्याच हातून खाली गेली. लढाईनंतर हे ठाऊक असलेला गावात मी एकटा उरलो, आणि मी मूग गिळून बसलो. जगात एकच गोष्ट अशी होती जी सिरिलला हवी होती आणि माझ्या मुठीत होती. ती मी का सोडू?

साठीला तो निवृत्त झाला. दुसरा एखादा कांदे लावत बसला असता. हा चर्चच्या मनोऱ्यातली जुनी पेटी उघडून बसला. रोज सकाळी चहाचा थर्मास आणि चीज-पाव घेऊन तो वर चढायचा आणि अंगावर धूळ घेऊन उतरायचा. गावाचा इतिहास लिहितोय म्हणे. मग लोक त्याला विचारायला लागले: आमच्या घराची चिमणी किती जुनी? तळं कोणी खणलं? पंपाजवळच्या वळणाला 'रडकं वळण' का म्हणतात? आणि हा सांगायचा! माझ्यादेखत! ज्या लोकांच्या आज्या-पणज्या कुठे निजल्यात हे मी डोळे मिटून दाखवीन, ते लोक माझ्या कुंपणावरून वाकून मला विचारायचे, "मिस्टर टॅपर, सिरिल कुठे भेटेल हो?"

"पोट दुखतंय तुझं," ऑलिव्ह म्हणायची.

"बटाटे कच्चे होते."

"बटाटे पन्नास वर्षं कच्चेच आहेत वाटतं."

एकोणीसशे पंचाहत्तरच्या फेब्रुवारीत सिरिलनं शीव-फेरी पुन्हा सुरू करायचं काढलं. गावाच्या हॉलमध्ये बैठक झाली. त्यानं पेटीतल्या जुन्या कागदावरचे नियम वाचून दाखवले, आणि काठीचा नियम आला तेव्हा जरासा अडखळला. "काठी शिवेच्या आत जन्मलेल्यानंच धरावी," त्यानं वाचलं. मग कागद खाली ठेवून म्हणाला, "म्हणजे रूबेननं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या माझ्यासाठी होत्या, पण सगळे बघत होते त्याच्याकडे. माझं मेलं नशीबच असं.

दुसऱ्या दिवशी मी आवारात कुंपण छाटत होतो, तर स्वारी हजर.

"रूबेन, दहा दगड सापडले. नववा सापडत नाही."

"मग?"

"एकवीस साली तिथे आपटलेल्यांपैकी आता तूच एक उरलास. तू नाही दाखवलास तर तो गेलाच."

चाळीस वर्षांत पहिल्यांदा त्याला माझं काम पडलं होतं. खरं सांगतो, एक क्षण मला इतकं बरं वाटलं की सांगूनच टाकावं, असं मनात आलं. मग डोळ्यांपुढे चित्र उभं राहिलं: सिरिल काठी घेऊन पुढे, मी त्याच्या मागे, आणि रस्त्याच्या कडेला हेस्टर कौतुकानं बघत उभी. कांदे त्याचे, घंटा त्याची, हेस्टर त्याची, आणि आता काठीही त्याचीच.

"चल, दाखवतो," मी म्हणालो, आणि त्याला कूपरच्या कुरणात घेऊन गेलो.

ओढ्याच्या अलीकडे, कुरणाच्या मधोमध कंबरेएवढा एक दगड उभा आहे. गुरांना अंग घासायला म्हणून तो माझ्याच बापानं सव्वीस साली घोडागाडीतून आणून रोवला. मी आठ-नऊ, नाही, बारा वर्षांचा होतो, पहार मीच धरली होती. "हा," मी म्हणालो.

सिरिल दगडाभोवती फिरला. दगडाच्या कडेला चिकटलेले तांबडे केस त्यानं चिमटीत धरले. "हे काय?"

"गुरांना काय कळतंय शीव कुठली आणि खाज कुठली?"

तो हसला नाही. तो ओढ्यापलीकडे, गिरणीच्या पडक्या घराकडे बघत होता. कोटाच्या आतल्या खिशातून त्यानं एक घडीचा कागद अर्धा बाहेर काढला होता. "नक्की इथेच ना, रूबेन? तिकडे, त्या घरामागे-बिगे नव्हता?"

त्यानं नेमकं खऱ्या जागेवर बोट ठेवलं होतं. पण जीभ माझी आयुष्यभर तयार. "सिरिल," मी म्हणालो, "ढुंगण माझं होतं की तुझं?"

 मग कागद त्यानं परत आत ढकलला, कोटाचं बटण लावलं आणि म्हणाला, "तुझं होतं, बाबा. तुझं होतं." आणि वहीत जागा टिपून घेतली.

मे महिन्यात फेरी निघाली. काठीसाठी वाळुंजाची फांदी सिरिलनंच तोडली, त्यानंच सोलली, वाळूनं घासून गुळगुळीत केली आणि माझ्या हातात दिली. "घे, इथल्या माणसा," म्हणाला. त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता, त्यामुळे मला आणखीच राग आला. कूपरच्या कुरणात सगळं गाव त्या दगडाभोवती टोपी काढून उभं राहिलं. पाद्रीसाहेबांनी बायबल उघडून पिकासाठी, गुराढोरांसाठी प्रार्थना म्हटली. लोहाराच्या नातवाला उचलून तीनदा आपटलं, तो खिदळला. आणि एक तांबडी कालवड गर्दीच्या मागे येऊन उभी राहिली, आपली जागा कधी मोकळी होते याची वाट बघत. लोक पुढे सरकले तशी ती आली आणि त्या पवित्र दगडावर तिनं मनसोक्त पाठ घासली. सगळे हसले. मी इतका हसलो की ऑलिव्हनं मला चिमटा काढला. पोटात धरून ठेवलेलं सगळं हसू मी त्या दिवशी हसून घेतलं.

पुढच्या वर्षी पुस्तक आलं. तळ्याला पाच पानं. एकदा तळ्यात पडलेल्या एका पाद्र्याला अर्धं पान. घंटांना बारा पानं. सात पिढ्यांच्या टॅपरांना एक ओळ: 'कबरी खणणारं कुटुंब, विश्वासू.' आणि शिवेच्या प्रकरणात लिहिलेलं, 'नववा दगड कूपरच्या कुरणात. ही जागा त्या दगडावर प्रत्यक्ष आपटलेले श्री. रूबेन टॅपर यांनी दाखवली.' मी ते पान उघडून ऑलिव्हपुढे धरलं. तिनं चष्मा लावून वाचलं आणि म्हणाली, "बघ, तू ज्याला पाण्यात पाहतोस त्यानं तुला पुस्तकात बसवलं." मी पुस्तक कपाटावर टाकलं.

फेरी मग दरवर्षी निघायला लागली. सात वर्षांचा नियम मोडला, कारण शेवटी हॉलमध्ये चहा आणि केक असतो. दहा वर्षं सिरिलनं काठी सोलली आणि दहाही वर्षं मीच ती घेऊन पुढे चाललो. तो आपला मागे, पोरांना गोष्टी सांगत. पोरं त्याच्याभोवतीच असायची. पुढे मी, काठी आणि वारा.

गेल्या जानेवारीत तो गेला. पक्ष्यांना शेंगदाणे घालायला बागेत गेला आणि तिथेच बसला, उठलाच नाही. कबर मीच खणली. जमीन गोठलेली होती, पहारीनं फोडावी लागली. मी ती नेहमीपेक्षा नीट खणली, कडा सरळ, कोपरे काटकोनात. कोणी विचारलं असतं तर मी म्हणालो असतो, सवय. सगळं गाव आलं, हार्कमचंही अर्धं आलं. एवढी माणसं माझ्या मयताला येणार नाहीत हे मी तिथे उभ्या उभ्याच मोजून टाकलं. मेल्यावरसुद्धा माणूस पुढे म्हणजे काय!

तीन आठवड्यांनी हेस्टरनं मला चहाला बोलावलं. सत्तेचाळीस वर्षांत त्या घरात मी खुर्चीवर असा बसलो नव्हतो. दारातून परत जायचो. तिनं बियांचा केक कापला, चहा ओतला आणि एक जुनी वही माझ्यापुढे ठेवली.

"त्याची कच्ची वही आहे. तुझ्याबद्दल लिहिलंय. तुला बरं वाटेल म्हणून काढून ठेवली."

सिरिलचं अक्षर बारीक, पाकिटावरच्या पत्त्यासारखं स्वच्छ. मी वाचायला लागलो. 'पेटीतल्या जुन्या नकाशात शीव ओढा ओलांडून गिरणीच्या घरामागून जाते असं दिसतं. कोपरा कुरतडलेला आहे, पण रेघ स्पष्ट आहे. तसं असेल तर माझा जन्म विन्स्टोतला ठरतो. हेस्टरला अजून सांगितलं नाही. आधी रूबेनला विचारतो.' खाली दुसऱ्या शाईत: 'रूबेनला विचारलं. दगड कुरणात आहे. नकाशा चुकला असणार. नकाशाला ढुंगण नसतं.' आणि त्याच्याही खाली: 'नकाशाचं पुस्तकात काही लिहायचं नाही. पाहुण्यानं घरच्या माणसाला खोटं पाडू नये.'

"किती मानायचा तुला," हेस्टर म्हणाली. "मी म्हटलं होतं त्याला, एवढा नकाशा हातात आहे तर दाखव ना लोकांना. तर म्हणाला, रूबेननं सांगितलंय ना, मग झालं."

मी केकची बशी बाजूला सारली. गप्प बसायची मला चांगली सवय होती, आणि तेव्हाही गप्प बसलो असतो तर कोणाला कळलं नसतं. पण त्या बारीक अक्षरातला 'पाहुणा' माझाच होता. मीच ठेवलेलं नाव.

"हेस्टर," मी म्हणालो, "नकाशा बरोबर आहे. तो कुरणातला दगड गुरांचा. माझ्या बापानं रोवलेला. खरा दगड गिरणीच्या घरामागे आहे. मला ठाऊक होतं. आधीपासून. तुमच्या लग्नाची नावं वाचली तेव्हाही."

 "का?" तिनं विचारलं.

"सगळं त्यालाच मिळत होतं म्हणून."

हेस्टर उठली. माझ्या पुढ्यातला कप तिनं उचलला. अर्धा चहा होता त्यात. तो तिनं मोरीत ओतला, कप धुतला, पुसला आणि पालथा घातला. "घरी जा, रूबेन," ती म्हणाली.

मी घरी गेलो नाही, सरळ पाद्रीसाहेबांकडे गेलो. हे नवे पाद्रीसाहेब, शहरातले, चार वर्षांपूर्वी आलेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि कपाटातून सिरिलचं पुस्तक काढलं. "पण मिस्टर टॅपर, इथे तर तुमच्याच साक्षीनं लिहिलंय."

"ती साक्ष खोटी होती."

"आणि आताची खरी?"

मी त्यांना गिरणीपाशी नेलं. घर, खुराडं, भिंती, सगळं ढासळून तिथे शंभर दगड पडलेत. मी दाखवला तो त्यांना त्यातलाच एक वाटला. नकाशाचं सांगितलं तर म्हणाले, "मिस्टर ॲम्फ्लेटनी नकाशा पाहिला होता आणि विचार करून बाजूला ठेवला. त्यांच्याइतकं यातलं कोणाला कळत होतं?" प्रश्न गावच्या कमिटीपुढे गेला. कमिटीच्या अध्यक्षबाई मिसेस थ्रॉवर माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान, पण बोलायला लागल्या की मी शाळेत असल्यासारखं वाटतं.

"माणूस जाऊन दोन महिने नाही झाले," त्या म्हणाल्या, "आणि तुम्ही त्याचं पुस्तक खोटं पाडायला निघालात? पुरे करा ना आता ती पोटदुखी! जिवंतपणी पाहुणा पाहुणा म्हणून छळलंत, आता तरी सुखानं झोपू द्या."

"अहो, तो पाहुणा नव्हता, हेच तर सांगतोय मी!"

"बसा, मिस्टर टॅपर."

मी बसलो. घरी आल्यावर ऑलिव्हला सगळं सांगितलं. मला वाटलं ती चार शिव्या घालेल. तिनं विणकाम खाली ठेवलं आणि म्हणाली, "उभ्या जन्मात एकदा स्वतःहून खरं बोललास, आणि नेमकं तेच कोणाला पटलं नाही. भोग आता."

हेस्टर माझ्याशी बोलत नव्हती. चर्चमध्ये समोर आली तर मान वळवायची. त्यामुळे मेमधल्या त्या रविवारी सकाळी ती आवाराच्या फाटकाशी उभी दिसली तेव्हा मी थबकलो. तिच्या हातात वाळुंजाची काठी होती. सोललेली, पण सिरिलसारखी नव्हे; जागोजागी साल राहिलेली. तिनं ती माझ्या हातात दिली आणि मागे जाऊन उभी राहिली.

फेरी निघाली. पहिला दगड, दुसरा, तिसरा. कूपरच्या कुरणात नेहमीप्रमाणे सगळे गुरांच्या दगडाभोवती उभे राहिले, पाद्रीसाहेबांनी पुस्तक उघडलं. मी थांबलो नाही. काठी घेऊन तसाच चालत राहिलो. "मिस्टर टॅपर!" मिसेस थ्रॉवर ओरडल्या. "अहो, कुठे निघालात?" कोणीतरी म्हणालं, जाऊ द्या, वय झालंय. मी ओढ्यात उतरलो. पाणी घोट्याएवढंच होतं, पण बुटात शिरलं. मागे पाण्यात आणखी कोणाचा तरी पाय वाजला. वळून पाहिलं तर हेस्टर. घागरा गुडघ्यापर्यंत धरून, चर्चचे चांगले बूट घालून, सत्तरीची बाई ओढा ओलांडत होती.

मी हात पुढे केला. तिनं तो घेतला नाही.

गिरणीच्या मागे खाजकुइली कमरेएवढी वाढली होती. मी काठीनं ती झोडपून वाट केली. ढासळलेल्या भिंतीला लागून, जमिनीतून वीतभर वर आलेला, माथ्यावर खोलगट झालेला तो दगड होता. किती पोरांच्या बुडांनी तो खोलगट झाला असेल कोण जाणे.

"हाच?" हेस्टरनं विचारलं. फेब्रुवारीनंतरचा पहिला शब्द.

"हाच."

तिनं पडक्या घराकडे पाहिलं, मग दगडाकडे, मग पुन्हा घराकडे. मधलं अंतर दहा पावलं होतं. ते ती मनातल्या मनात मोजत असावी. ओढ्यापलीकडे प्रार्थना संपल्याचं आमेन ऐकू आलं, आणि पोरांचा हशा. कालवड आली असणार.

"तू किती वर्षं जगशील अजून?" तिनं विचारलं.

"असतील पाच-सात."

"तुझ्यामागे मग हे कोणाला ठाऊक राहणार?"

"कोणालाच नाही. माझं कोणी ऐकत नाही."

"आपटलेल्याचं ऐकतात," हेस्टर म्हणाली. तिनं टोपी काढून भिंतीवर ठेवली, हातमोजे काढले आणि दगडाकडे पाठ करून उभी राहिली. "चल. आपट मला."

"हेस्टर, अगं, या वयात..."

"धर."

मी मागून तिच्या काखांत हात घातले. दोन उन्हाळे तिच्याबरोबर फिरलो होतो, पण तिला कधी असं धरलं नव्हतं. ती वजनाला काहीच नव्हती. मी तिला हळूच उचललं आणि अलगद दगडावर टेकवलं.

"हे काय?" ती चिडली. "कोंबडी अंड्यावर बसवतोयस का? जोरात, रूबेन. लागलं पाहिजे मला."

मी जोरात आपटलं. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. ती कळवळली, डोळ्यांत पाणी आलं, आणि तशीच त्या दगडावर बसून, ओढ्यापलीकडच्या माणसांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं ती म्हणाली, "सिरिल ॲम्फ्लेट, या गावचा!"

तिकडचा हशा थांबला. सगळे आमच्याकडे बघत होते. मी काठी धरून तिच्यामागे उभा होतो. आणि खरं सांगू, तेव्हाही मला सिरिलचा हेवाच वाटला.